तासावर सायकल

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



बार्शीला आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. एकूण बावीस सायकली, प्रत्येकीच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर. तासाला पन्नास पैसे. गल्ल्यावर एक लांबडी वही. त्यात नाव, नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. ओळखीच्या माणसाकडून अनामत घ्यायची नाही आणि अनोळखी माणसाला सायकल द्यायची नाही, हा अब्बांचा नियम. गावात त्यांना अनोळखी असा माणूस फारसा नव्हताच, त्यामुळे धंदा चालायचा.

हे आठवायचं कारण असं, की जगातल्या मोठमोठ्या शहरांत गेल्या काही वर्षांत हाच धंदा नव्यानं आला. त्याला आता 'शेअरिंग' म्हणतात. आमच्या काळी भाड्याला भाडंच म्हणत. २०१७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका या समुद्रकाठच्या गावात 'बर्ड' नावाच्या कंपनीनं विजेवर चालणाऱ्या, उभं राहून चालवायच्या छोट्या स्कूटर रस्त्यावर आणून ठेवल्या. दुकान नाही, वही नाही. मोबाईलनं कुलूप उघडायचं, जायचं तिथं जायचं आणि उतरलो तिथं स्कूटर सोडून द्यायची. पुढच्याच वर्षी ही लाट पॅरिसला पोचली.

या वाहनांविषयी दोन दावे केले जात होते. एक म्हणजे ती पर्यावरणाला चांगली आणि दुसरा म्हणजे वेग कमी म्हणून सुरक्षित. दोन्ही दावे संशोधकांनी तपासून पाहिले. मी काही शास्त्रज्ञ नव्हे, बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण सायकलच्या दुकानात वाढल्यामुळे हे अहवाल मी जरा जास्तच आवडीनं वाचले.

नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली भाड्याच्या स्कूटरचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब मांडला. धातू कुठून आला, कारखान्यात काय जळलं, रस्त्यावर किती दिवस टिकली, सगळं. त्यांच्या हिशेबानं एका मैलाला सरासरी २०२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण होतं. मोटारीच्या मानानं हे निम्मं, पण माणसांनी भरलेल्या बसपेक्षा कितीतरी जास्त. गंमत पुढेच आहे. आपल्याला वाटतं की दोष विजेचा असेल. वीज कोळशाची, म्हणून धूर. तर विजेचा वाटा निघाला जेमतेम पाच टक्के! निम्मं प्रदूषण स्कूटर तयार करतानाचं आणि ४३ टक्के होतं रोजच्या गोळा करण्याचं. म्हणजे रात्री माणसं मोटारी घेऊन गावभर हिंडायची, विखुरलेल्या स्कूटर गोळा करायची, चार्ज करून सकाळी पुन्हा पेरून यायची. धूर सोडणाऱ्या गाडीत बसून धूर न सोडणाऱ्या गाडीची सेवा!

हे वाचलं तेव्हा मला अब्बांची दोन तत्त्वं आठवली. सायकल गिऱ्हाइकानं दुकानात आणून द्यायची, तिला शोधत आम्ही फिरायचं नाही. आणि सायकल पंधरा वर्षं चालली पाहिजे. टायर बदला, चेन बदला, वेल्डिंग करा, पण भंगारात घालायची नाही. संशोधकांनी स्कूटरचं आयुष्य धरलं होतं सहा महिने ते दोन वर्षं. ते वाढवलं आणि गोळा करण्याची पद्धत सुधारली तर चित्र पुष्कळ बदलेल, असंही त्यांनी लिहिलं आहे. अब्बांनी पेपर वाचला असता तर एवढंच म्हणाले असते की यासाठी विद्यापीठ कशाला?

आणखी एक प्रश्न या अहवालात विचारला आहे, तो मला फार मोलाचा वाटला. स्कूटर नसती तर तुम्ही कसे गेला असता? निम्म्या लोकांनी सांगितलं, चालत किंवा सायकलनं. मोटारीनं गेलो असतो म्हणणारे तिसऱ्या हिश्श्याएवढेच होते. आता चालणाऱ्याला स्कूटरवर बसवून, माफ करा, उभं करून, हवा कशी सुधारणार? झुरिकच्या ईटीएच संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हेच अधिक बारकाईनं दाखवलं. भाड्याची ई-स्कूटर आणि भाड्याची ई-बाइक ज्या प्रवासाची जागा घेते त्यापेक्षा जास्त प्रदूषण करते. मात्र स्वतःच्या मालकीची असेल तर कमी. मालकीची वस्तू माणूस जपतो आणि मोटार घरी ठेवून तिच्यावर जातो. बॅटरी जागेवर बदलता येणारी नवी वाहनं आल्यावर आकडे सुधारले, असं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं त्याच वर्षी म्हटलं. त्यासाठीची माहिती 'लाइम' या स्कूटर कंपनीनं पुरवली होती, हेही ध्यानात ठेवलेलं बरं.

आता सुरक्षिततेकडे येतो. इथं मी तटस्थ नाही, आधीच सांगतो.

माझा भाचा पुण्यात जेवणाचे डबे पोचवण्याचं काम करतो. आठवड्याच्या भाड्यानं घेतलेली ई-स्कूटर. आपल्या देशात मोटर २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर कायदा तिला मोटार वाहन समजत नाही. लायसन नको, नंबरप्लेट नको, हेल्मेटची सक्ती नाही. मी त्याला म्हटलं, "बाबा, डोक्याला काहीतरी घाल." तो म्हणाला, "मामू, कायद्यानं लागतच नाही." कामाच्या दुसऱ्याच दिवशी पावसात, पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. कॉलरबोन मोडलं, हनुवटीला सात टाके. दवाखान्यात आपा, म्हणजे त्याची आई, रडत होती आणि हा मोबाईलवर विचारत होता की ती ऑर्डर रद्द झाली का.

मागाहून मी अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराचा अभ्यास वाचला आणि चरकलो. २०१८ मध्ये तीन महिन्यांत स्कूटरवरून पडून जखमी झालेल्यांची आरोग्य खात्यानं पाहणी केली होती. १९० जखमी. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना डोक्याला मार. हेल्मेट घातलेला होता एकच, १९० जणांत एक! आणि प्रत्येकी तिघांतला एक जण पहिल्याच फेरीत पडलेला. माझा भाचा दुसऱ्या दिवशी पडला, म्हणजे तो काही जगावेगळा नाही.

कारण साधं आहे. उभ्या स्कूटरचं चाक वीतभर. भाच्याच्या गाडीचं त्याहून मोठं, पण सायकलच्या मानानं लहानच. अब्बा म्हणायचे, चाक जेवढं लहान तेवढा खड्डा मोठा. म्हणून लहान मुलांना ते छोटी सायकल घेऊन मोठ्या रस्त्यावर जाऊ देत नसत. अर्थात सगळा दोष त्या बिचाऱ्या चाकाचाही नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाच्या २०२० च्या अहवालानुसार सायकल किंवा स्कूटरवरच्या माणसाचा जीव जातो, त्या अपघातांत दहापैकी आठ वेळा समोर मोटार किंवा ट्रक असतो. स्कूटरवर मरण्याचा धोका साधारण सायकलइतकाच, असंही त्यात आहे.

पॅरिसनं काय केलं ते सांगतो. तिथं २०२१ च्या जूनमध्ये सीन नदीच्या काठानं चालणाऱ्या एका ३१ वर्षांच्या तरुणीला स्कूटरनं धडक दिली. स्कूटरवर दोघीजणी होत्या. ती तरुणी वाचली नाही. आधीच लोक वैतागलेले होते. फुटपाथवर आडव्या पडलेल्या स्कूटर, त्यांना अडखळणारे म्हातारे, आंधळे. शेवटी महापौर आन हिदाल्गो यांनी प्रश्न लोकांपुढेच टाकला. २ एप्रिल २०२३ रोजी मतदान झालं, ८९ टक्के मतं विरोधात पडली आणि ऑगस्टअखेर १५,००० भाड्याच्या स्कूटर शहरातून गेल्या. पण मतदानाला आले होते किती? शंभरात जेमतेम साडेसात. ज्या तरुणांना स्कूटर हवी होती ते बहुधा स्कूटरवर फिरत असावेत. भाड्याच्या सायकली मात्र पॅरिसनं ठेवल्या, विजेवरच्यासुद्धा. त्यातल्या 'व्हेलिब'च्या सायकली ठरलेल्या जागी नेऊन लावाव्या लागतात. म्हणजे परत दुकानात आणून द्या, तेच.

मला बंदी पटत नाही. माझ्या भाच्याला पेट्रोलची गाडी परवडत नाही, तिचा धूरही कोणाला नको. पण भाडं घेणाऱ्यानं हेल्मेट का देऊ नये, पहिले दोन दिवस मोकळ्या जागेत चालवायला का शिकवू नये, हे मला कळत नाही. अब्बा नवख्या पोराला आधी दुकानासमोर दोन चकरा मारायला लावत आणि ब्रेक दाबून दाखव म्हणत.

बॅटरीचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटऱ्यांमुळे २६८ आगी लागल्या, १८ माणसं गेली. स्वस्तातल्या बॅटऱ्या रात्री घरात चार्जिंगला लावणारे डबेवालेच त्यात पुष्कळदा सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून तिथं प्रमाणित नसलेली बॅटरी विकायला बंदी आली. आपल्याकडे २०२२ मध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागून वरच्या लॉजमधली आठ माणसं दगावली, त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. भाचा बॅटरी केंद्रावर बदलून घेतो, घरी आणत नाही. तेवढी एक काळजी नाही.

हाड सांधलं, तो पुन्हा कामावर आहे. मी हेल्मेट घेऊन दिलं. परवा आपाचा फोन आला तेव्हा विचारलं, "घालतो का गं?"

"घालतो म्हणतो."

"डोक्यात की हँडलला?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "तूच विचार."