पाण्याचीही पंगत

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)





मी कीर्तनकार नाही. माझी सगळी नोकरी विहिरींचं पाणी मोजण्यात गेली. पावसाळा सरला की एकदा आणि मे महिन्यात एकदा विहिरीत टेप सोडायचा, पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं, हे माझं काम. वारी मात्र वडिलांचं बोट धरून सुरू झाली, ती आजवर चालू आहे. "पाण्यावर दोन शब्द बोला," असा मंडळींचा आग्रह झाला, म्हणून उभा आहे.

शताब्दीच्या निमित्ताने दिंडीच्या जुन्या हिशोबाच्या वह्या बाहेर काढल्या. त्यांत तांदूळ, डाळ, गूळ, कंदिलाचं रॉकेल, सगळ्याचा खर्च लिहिलेला आहे. पाण्याच्या नावावर सापडतो तो दोर आणि बादली. पाण्याला पैसे दिल्याची नोंदच नाही. अलीकडच्या वहीत बघा, टँकरचा आकडा किराण्याच्या मागोमाग लागलाय. शंभर वर्षांत आपली वाट तीच, देव तोच. मग वाटेवरच्या विहिरींचं पाणी गेलं कुठं?

पाऊस कमी झाला, असं आपण चटकन म्हणतो. पण दिवेघाट ओलांडून आपण चालतो तो मुलूख पहिल्यापासूनच पर्जन्यछायेचा. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होतात. महाबळेश्वराला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि माळशिरस-पंढरपूरकडे साधारण ५०० च्या आसपास. एवढ्याशा पावसावर आपल्या आज्या-पणज्यांनी विहिरी राखल्या. कशा राखल्या, ते कळायला पायाखालचा खडक समजून घ्यावा लागतो.

आपला बहुतेक महाराष्ट्र काळ्या पाषाणावर वसलाय. हा पाषाण लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. वरचा मुरूम आणि झिजलेला, भेगाळलेला खडक पाणी धरतो. त्याखालचा अखंड कातळ फारसं पाणी घेत नाही. वरच्या थरातलं पाणी दरवर्षीच्या पावसाने भरतं आणि वर्षभरात संपतं. आपली जुनी विहीर याच थराची. खाली शे-दोनशे फुटांवर भेगांत जे पाणी सापडतं, ते पुष्कळदा कित्येक वर्षांचं साठलेलं असतं. ते उपसलं, तर पुढच्या पावसाळ्यात तेवढंच भरून येईल याचा भरवसा नाही.

आता एक गोष्ट कबूल करतो. आळंदीला निघाल्यावर आपल्या दिंडीचा पहिला विसावा माझ्या चुलत्यांच्या विहिरीवर असायचा. जुन्या मंडळींना ती चिंच आठवत असेल. मी नोकरीत असताना शेजारच्या माझ्या वावरात बोअर मारलं. तीनशे फुटांवर पाणी लागलं, पेढे वाटले. पैसे वाचवायला केसिंग पाइप वरचेवरच घातला. त्यामुळे वरच्या थराचं पाणी बोअरच्या भोकातून खाली उतरू लागलं. तिसऱ्या उन्हाळ्यात चुलत्यांच्या विहिरीचा तळ दिसला. चौथ्या वर्षी माझं बोअरही फुसफुसलं. चुलते एवढंच म्हणाले, "तू तर पाणी मोजणारा, तुला तरी कळायला हवं होतं." दिंडीचा विसावा हलवावा लागला. गावोगाव आकडे लिहिणाऱ्या माझ्या हातून हे घडलं. म्हणून आज बोलतोय ते शहाणपण सांगायला नव्हे, चूक पदरात घेऊन.

हिशोब सोपा आहे. एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडलं. ५०० मिलिमीटरचे झाले २० लाख लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे २०० टँकर! ऐकायला पुष्कळ वाटतं. पण त्यातलं बरंचसं वाफ होतं, पिकं पितात, काही ओढ्याने वाहून जातं. आपल्या खडकात खोल मुरतो तो साधारण दहावा हिस्सा, म्हणजे एकरी २० टँकर. आणि उसाला वर्षभरात एकरी ८०० टँकरच्या वर पाणी लागतं. कालव्याचं पाणी नसेल, तर एक एकर ऊस किती एकरांचं मुरलेलं पाणी पितो, तुम्हीच काढा.

बंधारे, चर, झाडं हवीतच. त्यांनी हा हिस्सा थोडा वाढतो. पण जमा वाढवून खर्चाला लगाम नसेल, तर संसार बुडतोच.

पालखीमार्गावरच्या पुरंदर तालुक्यात नायगाव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअरने तिथे देवस्थानची ४० एकर माळजमीन कसायला घेतली आणि पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही असं ठरवलं.

माउलींनो, हे आपल्याला नवं आहे का? आपल्या पंगतीत शंभर एकरवाला आणि मोलमजुरी करणारा शेजारी शेजारी बसतात. शिधा किती, पानं किती, हे वाढपी आधी मोजतो. पहिल्या ओळीनेच भात संपवला, असं कधी होऊ देत नाही. जमिनीखालचं पाणी हीसुद्धा एक पंगतच आहे, फक्त शेजारचं पान आपल्याला दिसत नाही.

म्हणून तीन गोष्टी मागतो. गावच्या देवळापाशी एक पर्जन्यमापक बसवा. गावातल्या दहा विहिरी दिवाळीआधी आणि वारीआधी दोराने मोजा आणि आकडे देवळाच्या भिंतीवर लिहा. शाळेतली पोरंसुद्धा हे करतील. आणि रब्बीच्या पेरणीआधी गावाने बसून ठरवावं, की प्यायला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात पीक कोणतं.

माझं बोअर मी बुजवलंय. चुलते आता नाहीत. त्यांच्या पोरांनी ओढ्याला बंधारा घातलाय, मीही त्यात श्रमदान केलं. गेल्या वारीला त्या विहिरीत कमरेएवढं पाणी होतं. विसावा परत तिथे नेण्याएवढं अजून नाही. पण दिंडीच्या वहीत पुन्हा दोर आणि बादलीचा खर्च लिहिला जावा, एवढंच मागणं पांडुरंगाकडे आहे, आणि तुमच्याकडेही.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!