खाडीकाठचा विकास आणि जगाचा ताळेबंद

(नवी मुंबई येथे कार्यकर्ते व कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानववादाची मांडणी केली. अर्थाचा अभाव जसा धर्माला मारक, तसाच अर्थाचा प्रभावही मारक, हे त्यातील एक मुख्य सूत्र होते. योगायोग असा की, त्याच वर्षी चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना पुढे ठेवली. शहर उभे राहिले. सूत्र मात्र बौद्धिक वर्गांपुरते उरले.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. ज्या आगरी-कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांध घालून खारे पाणी अडविले, भातशेती आणि मिठागरे राखली, त्याची भूमी नियोजनकारांच्या नकाशात मोकळी जागा ठरली. जुन्या शिलोत्री पद्धतीत बांधांच्या दुरुस्तीसाठी पिकातील ठरावीक वाटा बाजूला काढला जाई. उद्याच्या भरतीची तरतूद आजच्या पिकातून करणारी ही व्यवस्था कोणत्याही जागतिक परिषदेने शिकविलेली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच आंदोलक पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या मागणीला वाट मिळाली.

विकासाची किंमत कोणी मोजायची, हाच प्रश्न याच काळात जागतिक व्यासपीठावर निघाला होता. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. त्याच वर्षी क्लब ऑफ रोमच्या अहवालाने वाढीला मर्यादा असल्याचे सांगितले होते आणि अविकसित देशांनी जरा दमाने घ्यावे, असा सूर पाश्चात्त्य जगात उमटत होता. श्रीमती इंदिरा गांधी यांनी तेथे ठणकावून विचारले की, दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नव्हेत काय? त्यांच्या राजकारणाशी कितीही मतभेद असले, तरी ती भारताची योग्य भूमिका होती, हे मान्य केले पाहिजे.

१९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने तोडगा काढला: पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या पिढीच्या गरजा भागवाव्यात. व्याख्या निर्दोष आहे. परंतु त्याच अहवालाने जगाची लोकसंख्या स्थिरावेपर्यंत औद्योगिक उत्पादन पाच ते दहा पटींनी वाढेल, असेही गृहीत धरले. गरज कोणती आणि हाव कोणती, याविषयी मात्र त्याने श्रीमंतांना फारसे अडचणीत आणले नाही. १९९२ च्या रिओ परिषदेत ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व स्वीकारले गेले, टिकाऊ नसलेला उपभोग कमी करण्याचेही ठरले. उपभोग कमी करण्याचा भाग कागदावरच राहिला.

या मनोवृत्तीचे विदारक दर्शन डिसेंबर १९९१ मध्ये घडले. जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांच्या सहीचे एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले. घातक कचरा कमी उत्पन्नाच्या देशांत टाकणे आर्थिक तर्काला धरून आहे, असा त्याचा आशय होता. तो उपरोध होता, असा खुलासा नंतर झाला. उपरोध असेलही, व्यवहार मात्र त्याच दिशेने चालू राहिला आणि तो आपल्या दारापर्यंत आला.

न्हावा-शेवा बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवर बंधने घालणारा बाझल करार त्याच वर्षी मार्चमध्ये संमत झाला होता. तरीही वंगण तेल म्हणून मागविलेले १३३ कंटेनर या बंदरात उतरले आणि तपासणीत त्यांत घातक टाकाऊ तेल निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने ते तेल जाळून नष्ट करण्याचा आणि खर्च आयातदारांकडून घेण्याचा आदेश दिला. येथे एक कडू गोष्ट गिळावी लागते. माल पाठविणारे परके होते, मागविणारे आपलेच होते. केवळ पश्चिमेला दोष देऊन हा हिशेब मिटत नाही. श्रीमंत देशांतून गरीब देशांत असा कचरा पाठविण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ मध्ये संमत झाली आणि अमलात आली ती २०१९ मध्ये!

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टे ठरविली. आठव्या उद्दिष्टात अतिअविकसित देशांसाठी वर्षाला किमान सात टक्के वाढ आहे, बाराव्यात जबाबदार उपभोग आहे. दोहोंचा विरोध आला तर काय करायचे, हे त्या यादीत नाही. मोजमापाचा दोष त्याहून खोल आहे. उभी कांदळवने लाटा अडवितात, माशांच्या पिलांना आसरा देतात, तेव्हा राष्ट्रीय उत्पन्नात त्यांची नोंद जवळजवळ शून्य असते. ती तोडून भराव घातला की कंत्राट, सिमेंट, घरविक्री असे सारे आकडे वाढू लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनांना संरक्षण दिले नसते, तर या हिशेबात त्यांना वाली नव्हता.

याचा अर्थ विकास थांबवावा, असा मुळीच नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ या भागाला हवाच होता. पण त्यासाठी डोंगर कापले गेले, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा गावांच्या वस्त्या उठल्या, हेही त्याच ताळेबंदात लिहिले पाहिजे. हा हिशेब न्यूयॉर्क वा जिनिव्हात नव्हे, तर येथेच मागावा लागेल. आणि खाडीकडे तोंड करून असलेल्या सदनिका घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी तो आधी मागावा.

ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. मान मोठा आहे. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरणारे फ्लेमिंगो भरती आली की सीवूड्स आणि नेरूळच्या पाणथळ तळ्यांवर येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात तेथील एका तळ्यात भरतीचे पाणी पोहोचेनासे झाले आणि परिसरात काही पक्षी मृत आढळले. रामसरच्या नकाशावरील रेषा खाडीभोवती आहे. ती तळी तिच्या बाहेर आहेत.