मुक्या जिवाचा घास



मधुमेहामुळे आपल्या अंधेरी-घाटकोपरच्या घरांतून बिनसाखरेचे जिन्नस येऊ लागले आहेत. काही च्युइंगगम, गोळ्या व टूथपेस्टमध्ये ‘झायलिटॉल’ असते. माणसाला ते सहसा बाधत नाही. कुत्र्याच्या अंगात मात्र त्याने इन्शुलिन एकदम वाढते आणि रक्तातली साखर उतरते. 10 किलो वजनाच्या कुत्र्याला 1 ग्रॅमसुद्धा धोक्याचे. अधिक गेल्यास यकृतही निकामी होऊ शकते. बहुधा तासाभरातच ओकारी, झोकांड्या, झटके सुरू होतात. तेव्हा घरगुती उपाय करीत बसू नये. वेष्टन बरोबर घेऊन तडक पशुवैद्य गाठावा. परळचे बाई साकरबाई पेटिट इस्पितळ आपल्याला दूर पडते. म्हणून जवळच्या पशुवैद्याचा फोन आजच लिहून ठेवा. मुका जीव वेष्टन वाचू शकत नाही. ते आपणच वाचले पाहिजे.