कागदावरची सही

(१९९८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



याच व्यासपीठावर नववीत वक्तृत्व स्पर्धेत मी मधेच भाषण विसरलो होतो आणि तसाच खाली जाऊन बसलो होतो. मागच्या बाकावरची मंडळी ते विसरली नसणार. म्हणून आज कागद घेऊन आलोय.

संयोजकांचा आग्रह असा, की तू अमेरिकेत सिनेमा शिकलास, तर हॉलिवूडच्या गमती सांग. गमती थोड्याच आहेत. एक चूक मात्र मोठी आहे. ती सांगतो.

पुण्यात बी.ए. झालं, दोन वर्षं एका वाहिनीत नोकरी झाली आणि २००६ साली मला लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठात प्रवेश मिळाला. चित्रपट आणि दूरचित्रवाणी निर्मितीचा अभ्यासक्रम. विद्यापीठ जेझुइट पाद्र्यांच्या परंपरेतलं. हे कळल्यावर आजीने जेवण सोडायचंच बाकी ठेवलं. "बाटवतील रे तुला!" मी तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. फाळक्यांनी मुंबईत 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. आजीने विचार केला आणि म्हणाली, "येशूला बघून कृष्ण सुचत असेल तर जा." फाळक्यांनी विलायतेला जाण्यासाठी विम्याची पॉलिसी तारण ठेवली होती. आमच्या बाबांनी घर ठेवलं.

विद्यापीठ एका टेकाडावर आहे. टेकाडाखाली हॉवर्ड ह्यूजेसने आपलं अवाढव्य लाकडी विमान बांधलं ते हँगर. पुढे तिथे सिनेमाची शूटिंगं होऊ लागली. आवारात चॅपल आहे, त्याचा मनोरा लांबून दिसतो. पण प्रार्थनेला चला असं मला तीन वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही. माझ्या वर्गात ज्यू होते, कुठलाच देव न मानणारेही होते. आम्हा सर्वांचा खरा शत्रू एकच, शेजारचा विमानतळ. संवाद रंगात आला, की डोक्यावरून विमान जायचं आणि टेक फुकट!

शिक्षण म्हणजे बहुतेक हमाली. या आठवड्यात तुम्ही दिग्दर्शक, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या फिल्मवर माइकची काठी धरून उभे. केबल गुंडाळायची, दिवे उचलायचे, कॅमेरा वेळेत परत करायचा. मला सगळ्यात आवडायचं ते 'रूम टोन' घेणं. शूटिंग संपलं, की सगळ्यांनी जागच्या जागी अर्धा मिनिट गप्प उभं राहायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करायचा. संकलनात दोन वाक्यांच्या मधे तो लागतो. शांततेलाही आवाज असतो आणि प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, हे मला तिथे कळलं.

आवारातच राहणारे एक वृद्ध फादर आमच्या फिल्मच्या प्रदर्शनांना येऊन बसत. एकदा त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, की १९३० साली हॉलिवूडने स्वतःवर जी आचारसंहिता लादून घेतली, तिचा मसुदा करण्यात डॅनियल लॉर्ड नावाचे एक जेझुइट फादरच होते. काय दाखवायचं आणि काय नाही, याचे नियम. १९३४ पासून ते कडकपणे लागू झाले आणि १९६८ पर्यंत टिकले. आम्ही हसलो. फादरही हसले. मग म्हणाले, "पडद्यावर काय दिसावं याची आम्हाला फार काळजी होती. ज्या माणसावर कॅमेरा रोखलाय, त्याचं पुढे काय होतं, हे विचारायचं राहिलं." तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं. विमानासारखंच.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एक माहितीपट करायचा होता. आर्टेशिया भागात भारतीय दुकानं आहेत. तिथे मेथी निवडून घेणाऱ्या एक मराठी काकू मला भेटल्या. मुलाकडे राहायला आलेल्या, नातवंडं सांभाळणाऱ्या. महिनोन्महिने घराबाहेरचं कुणी मराठी बोलायला नाही. मी "काकू" म्हटलं आणि त्यांचा बांधच फुटला. तीन शनिवार त्यांच्या स्वयंपाकघरात शूटिंग केलं. त्या मला पिठलं-भाकरी वाढायच्या. पहिल्याच दिवशी मी संमतिपत्र पुढे केलं आणि म्हटलं, "काकू, इथे सही करा." त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. देवनागरीत, जोडून, वळणदार सही केली.

तिसऱ्या शनिवारी भाकऱ्या थापता थापता त्या सुनेबद्दल, मुलाबद्दल, परत जायला आता गावाकडे घर उरलं नाही त्याबद्दल बोलल्या. चार मिनिटं. हात थांबले नाहीत, डोळे मात्र वाहत होते. कॅमेरा चालू होता. मी मनात म्हटलं, मिळाली फिल्म!

अकरा मिनिटांची फिल्म झाली. वर्गात दाखवली तेव्हा दिवे लागल्यावर कुणी बोलेना. काही जणांनी महोत्सवांची नावं सुचवली. फादर माझ्याजवळ आले आणि त्यांनी एकच विचारलं, "त्यांना इंग्रजी वाचता येतं?"

मित्रहो, त्या कागदावर काय लिहिलेलं असतं? तुमचं चित्र आणि आवाज जगभर, कुठल्याही माध्यमात, कायमचा वापरण्याचा अधिकार तुम्ही आम्हाला देत आहात. काकूंना यातला एक शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितला नव्हता.

त्या रात्री मला आपल्या मराठीच्या बाई आठवल्या. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जपून सांगतो. फादर स्टीफन्स शिकवताना त्या म्हणाल्या होत्या, की हा इंग्रज माणूस गोव्यात आला, आपल्या लोकांची भाषा शिकला आणि तिच्यात त्याने 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते छापलं गेलं १६१६ साली. स्टीफन्सही जेझुइटच. आपलं म्हणणं समोरच्याला कळावं म्हणून एक इंग्रज मराठी शिकला. आणि मी, मराठी शाळेत शिकलेला, एका मराठी बाईपुढे इंग्रजी कागद सरकवून मोकळा झालो होतो.

पुढच्या शनिवारी कॅमेरा न घेता गेलो. कागद मराठीत वाचून दाखवला. मग लॅपटॉपवर फिल्म लावली. स्वतःला बघून काकू आधी हसल्या. "किती जाड दिसतेय रे!" ती चार मिनिटं आली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. संपल्यावर म्हणाल्या, "हे मी तुला सांगितलं होतं रे. कॅमेऱ्याला नाही."

मी वाद घातला नाही, पण घालावासा वाटला. खोटं कशाला बोलू? त्यांच्यासमोर ते चित्रीकरण काढून टाकताना हात जड झाला होता. घरी येऊन बाकीच्या प्रतीही पुसल्या. फिल्म सात मिनिटांची उरली. मित्र म्हणाले, जीव गेला फिल्मचा. खरं होतं ते. ती कुठल्याच महोत्सवात गेली नाही.

सहा वर्षांनी पुण्यात मला एक फोन आला. काकूंचा मुलगा. काकू गेल्या होत्या. "आईचं काही रेकॉर्डिंग असेल तर द्याल का?" मी सात मिनिटं पाठवली. मेथी निवडणारी, नातवाला पाढे शिकवणारी, हसणारी आई. दोन दिवसांनी त्याचा पुन्हा फोन. "अजून काही आहे का हो?" मी म्हटलं, "नाही." आणि ते खरं होतं. ते खरं आहे याचा त्या क्षणी मला जेवढा आधार वाटला, तेवढा कुठल्या बक्षिसाचा वाटला नसता.

आज मी माहितीपट करतो. शेतकरी, विणकर, आशा कार्यकर्त्या यांच्यावर. नाव मोठं नाही; बाबांचं घर मात्र सुटलं. माझं संमतिपत्र मराठीत असतं आणि मी ते मोठ्याने वाचून दाखवतो. त्यात वेळ जातो. कधीकधी माणूस ऐकून नको म्हणतो आणि पूर्ण दिवस वाया जातो. तो जाऊ द्यायचा, एवढंच मी शिकलो. विद्यापीठाने ते शिकवलं खरं, पण बाई, त्याचा पहिला धडा या शाळेतला होता.

आता एक कामाची सूचना. आजच्या मेळाव्याचं चित्रीकरण मीच करतोय. चहाच्या वेळी कुणी कुणाजवळ मन मोकळं केलं असेल आणि ते ध्वनिचित्रफितीत नको असेल, तर निघण्यापूर्वी मला सांगा. कारण विचारणार नाही.

आणि सभागृह सोडण्याआधी एक विनंती. सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसा. पंचवीस वर्षांपूर्वी सर ओरडूनही जे जमलं नाही, ते आज करून दाखवू. मला या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची आहे.