विज्ञानकथेतले भाऊसाहेब



विज्ञानकथेतला सेनापती म्हटला की अवकाशयाने आणि परग्रहांवरील युद्धे डोळ्यांपुढे येतात. मराठी विज्ञानकथेने मात्र या स्थानी एका जुन्या आणि नावडत्या सेनापतीला आणून बसविले आहे. ते म्हणजे पानिपतचे सदाशिवरावभाऊ. कथा जयंत नारळीकरांची, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पोहोचतात, की जिच्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी तिथे त्यांना चाटून जाते, फरक एवढाच. (त्या जगात सभेला अध्यक्ष नेमण्याची चाल बंद पडलेली असते आणि व्यासपीठावर चढलेल्या गंगाधरपंतांना श्रोते पिटाळून लावतात. आजच्या अध्यक्षांनी निर्धास्त असावे.)

मला या कथेत गोळीपेक्षा भाऊ अधिक विचारात पाडतात. जिंकलेल्या इतिहासात त्यांचे वजन वाढते, राघोबादादा मागे पडतात. म्हणजे हे भाऊ निराळ्या स्वभावाचे होते काय? मुळीच नाही. लढाईच्या दुपारपर्यंत दोन्ही जगांतले भाऊ एकच आहेत. मग बखरकाराने रंगविलेला मानी, तापट, वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावणारा भाऊ त्या जगात कोठे गेला? तिथल्या बखरीत बहुधा त्यालाच निश्चयी म्हटले असेल.

आपल्या भागाला हा पुरुष परका नाही. १७४६-४७ च्या कर्नाटक स्वारीत, जेमतेम सोळा वर्षांच्या वयात, त्यांनी सावनूरच्या नबाबाला तह करावयास लावले आणि धारवाड परिसरातील बराच मुलूख पेशव्यांकडे आला. पुढे १७६० च्या आरंभी उदगीरला निजामाचा पराभव झाला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि कवायती पायदळावर भाऊंचा विश्वास बसला तो तिथेच. उत्तरेचे सेनापतिपद त्यांना मिळाले ते या विजयानंतर. स्वभाव तेव्हाही तोच होता. निवडीच्या आड तो आला नाही.

एवढ्यावरून भाऊंना निर्दोष सोडावे असे मात्र मी म्हणणार नाही, आणि इथे नारळीकरांच्या कथेशी माझा थोडा मतभेद आहे. पानिपत एका गोळीने हरले नाही. बायकामुले व जड सामान मागे ठेवा, असे सूरजमल जाटाने सुचविले होते. मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे होता. भाऊंनी यांतले काही मानले नाही. दिल्ली घेतल्यानंतर सूरजमल निघून गेला. ऑक्टोबरात अब्दालीने यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तुटली. मग सुमारे अडीच महिने लष्कर, आणि लष्कराबरोबर आलेला यात्रेकरूंचा व बाजारबुणग्यांचा प्रचंड जमाव, एकाच छावणीत कोंडला गेला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची उरलीसुरली आशाही संपली. संक्रांतीच्या सुमारास जे लढावयास निघाले, ते उपासमार असह्य झाली म्हणून निघाले. नावडता सेनापती मित्र गमावतो, आणि मित्र गेला की त्याच्या मुलखातले धान्यही जाते. विश्वासराव वाचले असते तरी पोटे रिकामीच होती!

मात्र गोळी लागल्यानंतरचा क्षण कथेतल्या जगात घडतच नाही, आणि भाऊ मला पुरते दिसतात ते त्याच क्षणी. पुतण्या पडलेला पाहून ते हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. अंबारी रिकामी दिसताच फौजेचा धीर सुटला. सेनापती म्हणून हे चुकलेच. पण ज्याला आपण इतकी वर्षे गर्विष्ठ म्हणत आलो, त्याच्या आत एक काका होता, हे त्या क्षणाने दाखविले. विजयी भाऊ कथेत ओझरते येतात. ते प्रतिष्ठित आहेत, पण मनात घर करीत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. भाऊ वाचले आहेत, परत येतील, ही कल्पना नारळीकरांच्या आधी दोनशे वर्षे लोकांनीच रचली होती. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. भाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला. आश्चर्य असे की पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, कोकणातले अनेक किल्ले त्याच्या हाती गेले, माणसे त्याच्याभोवती जमली. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला.