रक्तदाब आणि मोबाईलवरील सल्ला
(शिक्षण परिषदेतील भाषण)



पूर्वी गावात पत्र आले की ते वाचून घेण्यासाठी लोक गुरुजींकडे येत. आज पत्राची जागा मोबाईलवरील संदेशाने घेतली आहे. तो वाचणारे घरोघर आहेत. पारखणारे मात्र थोडे. उच्च रक्तदाबाच्या रोग्याच्या बाबतीत ही उणीव प्राणावर बेतू शकते.

उच्च रक्तदाब हा मुका रोग होय. बहुधा काहीच दुखत नाही. पण हृदय, मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांना आतल्या आत इजा होत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार जगात दर तीन प्रौढांमागे एकास हा विकार आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना त्याचा पत्ताच नाही. दोन वेगवेगळ्या दिवशी मोजलेला वरचा दाब १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक भरला, तर तो उच्च समजतात.

एखाद्या घरी आजीची गोळी नियमित चालू असते व दाब ताब्यात असतो. एके दिवशी नातू मोबाईलवर वाचतो, 'लसूण खा, गोळ्या कायमच्या सोडा.' आजीला काही त्रास नसतो; तिला ते पटते. परंतु दाब उतरलेला असतो तो गोळीमुळे. गोळी सुटली की तो पुन्हा चढतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. नातू शाळेत शिकलेला असतो, आजीवर त्याची मायाही असते. पारखण्याची सवय तेवढी त्याला कोणी लावलेली नसते.

ती सवय वरच्या वर्गांत लावता येईल. फळ्यावर असा एक संदेश लिहावा आणि मुलांना चार प्रश्न विचारावेत : हे कोण सांगतो? कशाच्या आधारे सांगतो? त्याला काही विकावयाचे आहे काय? तो चालू औषध सोडावयास सांगतो काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्यावाचून काहीही करू नये, हे मुलांच्या मनावर ठसवावे.

मोबाईल टाकाऊ आहे, असा याचा अर्थ नव्हे. गोळीच्या वेळेची आठवण, दाबाची नोंद आणि शासनाच्या ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांचा सल्ला, हे सारे त्यावर मिळते.

घरी पाळावयाचे नियमही साधे आहेत. लोणचे-पापडांतील धरून दिवसाचे मीठ माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. सैंधवातही सोडियम असतेच. तंबाखू सोडावी, रोज चालावे. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा.

शिक्षकांनी वैद्य व्हावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. मात्र या धड्याचा आरंभ त्यांनी स्वतःपासून करावा आणि येत्या आठवड्यात आपला रक्तदाब मोजून घ्यावा.