वाण कुणी निवडायचा?

(लातूर-नांदेडच्या मैत्रिणींसमोर केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, टोमॅटोची लावणी, खुरपणी, बांधणी, तोडणी आपण करतो. बियाण्याची पुडी मात्र घरधनी आणतो.

एकदा मी संकरित टोमॅटोचं बी धरलं. पुढच्या साली वाफ्यात नाना तऱ्हेची झाडं आली. संकरिताचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. पुडी आणणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बाजारासाठी जाड सालीचा, वाहतुकीत टिकणारा संकरित वाण घ्या. पण दरसालचा बियाण्याचा खर्च हिशेबात धरा. परसात मात्र गावरान, नाहीतर पुसा रुबी, अर्का विकास असा सरळ वाण लावा. निरोगी झाडाचं पिकलेलं फळ घ्या. बी गरासकट एक-दोन दिवस आंबवा, धुवा, सावलीत वाळवा.

२००१ च्या कायद्यानं घरचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला. शेतकरी म्हणजे जमीन कसणारी व्यक्ती, असं तो कायदा म्हणतो. तिथं सातबाऱ्यावर नाव असण्याची अट नाही.

तेव्हा पुढची पुडी घरात येण्याआधी विचारा: संकरित की सरळ? आणि ठरवणार कोण?